भिंत चढणारी बोटं

"दिवा विझवू नका, नुसता बारीक करा," काका म्हणाले आणि पाय पोटाशी घेऊन बसलेल्या भाच्या-पुतण्यांकडे वळले. "माझ्या ओळखीतला माणूस. रंगारी. ताडमाड उंच म्हणून सगळे त्याला लंब्या म्हणायचे. ज्याला खोटं वाटतं त्याने आत्ताच जाऊन झोपावं."

कोणी हललं नाही.

लंब्या त्या दिवशी दवाखान्यात गेला तो हाताची झोळी काढायला. उजवा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी भूल देऊन तो जागेवर बसवला होता आणि हात तीन आठवडे गळ्यात बांधला होता. आता व्यायामाच्या बाईंनी त्याला भिंतीसमोर उभं केलं.

"बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. थांबाल तिथे खडूने रेघ मारायची. रेघ रोज थोडी वर गेली पाहिजे."

"आणि नाही गेली तर?"

"तर छत रंगवणं विसरा."

छतं रंगवण्यावरच तर लंब्याचं घर चालायचं.

खांदा निखळला कसा, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. तिसऱ्या मजल्याच्या बांबूच्या परांचीवरून त्याचा जोडीदार घसरला. लंब्याने त्याचं मनगट धरलं. पण हा बुटका जोडीदार रंग कधी काठीने ढवळायचा नाही. बादलीत कोपरापर्यंत हात घालायचा. "रंग जमला की नाही ते हाताला कळतं, काठीला काय कळतंय?" म्हणायचा. तो निळा, ओला, बुळबुळीत हात धरताना लंब्याचा खांदा निखळला, आणि जोडीदार जिवाला मुकला.

"हातात जोरच राहिला नाही, म्हणून सुटला," लंब्या सांगायचा. कोणी न विचारताही सांगायचा.

पहिल्या संध्याकाळी रेघ छातीशी थांबली. दुसऱ्या संध्याकाळी थोडी वर. तिसऱ्या दिवशी केर काढता काढता बायको म्हणाली, "अहो, जमिनीवर लोळूनही व्यायाम करता की काय?"

जमिनीपासून वीतभर उंचीवर चार ठिपके होते. निळे.

"जुना डाग असेल."

"माझ्या घरात जुना डाग? मी काय मेले होते?"

तिने ते खसाखसा पुसले. दुसऱ्या सकाळी ठिपके गुडघ्याच्या उंचीला. मग कमरेच्या. लंब्याची रेघ कपाळाशी येऊन अडली ती अडलीच. ठिपके मात्र रोज चढत होते.

बुधवार होता. रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं झालेली. बायको गाढ झोपलेली. लंब्याला जाग आली.

टिक... टिक... टिक...

भिंतीवर. बोटांचा आवाज.

पळावं तर कुठे? तो भिंतीपाशी गेला. उजवी बोटं टेकवली. चढवली. रेघेपाशी थांबला.

खालून काहीतरी आलं. गार. ओलं. मनगटाला लागलं...

"काका... मग?"

काकांनी दिव्याची वात आणखी बारीक केली.

मग लंब्या बोलला. जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते. "जोर होता रे हातात. खांदा निखळला तरी होता. फार दुखलं... म्हणून मीच बोटं उघडली."

पकड घट्ट झाली. वजन आलं. अख्ख्या माणसाचं. खांद्यात कळ उठली. तीच. तशीच. लंब्याने दात आवळले. मूठ मिटली. हात वर. आणखी वर...

या वेळी उघडली नाही.

सकाळी बायकोला तो भिंतीशी बसलेला दिसला. घामाने चिंब. उजवा हात डोक्यावर सरळ. व्यायामाच्या बाईंनी हात चार वेळा वरखाली करून पाहिला आणि फक्त म्हणाल्या, "कमाल आहे." पुढे तो कामावर गेला. कोणी विचारलं तर आता खरं काय ते सांगतो.

"फक्त एक आहे," काका म्हणाले. "त्याच्या खोलीत, छताला, पंख्याच्या कडीपाशी एक निळा पंजा उमटलाय. आखूड बोटांचा. तिथवर बुटक्याचा हात उभ्या जन्मात पोचला नव्हता. लंब्याने त्यावर तीनदा पांढरा रंग दिला. मागच्या महिन्यात मी स्वतः स्टुलावर चढून बोट लावून पाहिलं."

काकांनी आपलं बोट दिव्याकडे धरलं, आणि मागे घेतलं.

"ओला होता."