जोडखण

विस्मरणाच्या साथीनंतर जन्मलेल्या पोरांना नवल वाटतं, की पूर्वी माणसं काहीही न वाचता सकाळी स्वतःला ओळखायची! आता झोप आठवणी पुसून नेते आणि सकाळी वाचनयंत्र त्या मेंदूत परत भरतं. इतके दिवस आठवणी वेबपानांवर होत्या. सौरवादळांनी ते जाळं सारखं कोलमडू लागलं, तेव्हा फर्मान निघालं: सगळं कागदावर उतरवा.

कराडच्या छपाई केंद्रात अन्वय खोत हेच काम करी. वेबपानातल्या खुणा वाचून त्याचा प्रोग्रॅम कागदावर तक्ता आखायचा.

"काकू, तुमचा जोडखण अडलाय," तो रूपालीताई घोरपड्यांना म्हणाला.

"म्हणजे काय रे बाबा?"

"नवराबायकोची सामाईक आठवण. वेबपानावर एकच खण दोघांच्या रकान्यांत पसरतो. कागद मात्र तुमचा वेगळा, काकांचा वेगळा. कापावा लागणार."

"दोन्हीकडे छाप की! त्यात काय एवढं?"

"दुसरी प्रत यंत्र घेत नाही. लोक दुसऱ्यांच्या सुखाच्या आठवणी चोरून छापायला लागले होते ना!"

"मग एकाकडेच दे सगळं."

"खण रिकामा राहिला की खालच्या आठवणी वर सरकतात. काकांच्या बढतीच्या जागी पेन्शन येऊन बसेल."

रूपालीताई हसल्या. पण त्या खणात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील अत्यवस्थ असल्याचा फोन नवऱ्यानं, संजीवनं लपवला होता, बायकोची परीक्षा बुडू नये म्हणून. वडिलांची भेट झालीच नाही. वर्षभर त्यांनी अबोला धरला. मग एकदा तो ओक्साबोक्शी रडला आणि त्यांनी त्याला मनापासून माफ केलं.

"एकाला भांडण, एकाला माफी," अन्वय म्हणाला. "कोणाला काय?"

"भांडण मला दे. तो झुरून मरेल रे! जीव आहे माझा त्याच्यावर. एक राग मला काय जड?"

अन्वयनं बटण दाबलं. तक्ता आदल्या दिवसापर्यंतचाच होता. हे बोलणं त्यात नव्हतं, सकाळी ते रूपालीताईंना आठवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी आपापले कागद यंत्रात घातले. संजीव गुणगुणत चहा घेऊन आला. रूपालीताईंनी कप घेतला नाही.

"माझ्या बाबांचा फोन तू लपवलास."

"कुठला फोन?"

"वर साळसूदपणा!"

"अगं, तू मला माफ केलंयस. चांगलं आठवतंय मला."

"कशाबद्दल?"

संजीवनं खूप आठवून पाहिलं. काही सांगता येईना.

त्या भांडणानंतरची सगळी वर्षं रूपालीताईंना लख्ख आठवत होती. या माणसाबरोबर आपण ती काढली तरी कशी, तेवढंच कळेना. त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढली.