हॉबनीच्या इतिहासातलं एक पान

"माझं जळण चोरलंय बाई, आणि चोर सव्वाशे वर्षांपूर्वीच मेलाय!"

चॅरिटी गोटुबेड दारातूनच ओरडली. डॉर्कस पेल यांनी चहाचा कप खाली ठेवला. इंग्लंडमधल्या एली शहरात खासगी तपास करायला लागून त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण मेलेला चोर पहिल्यांदाच येत होता. शेजारी त्यांचे मेहुणे जोनस टेबट चहात बिस्किट बुडवत बसले होते. पूर्वी ते पाव भाजायचे. आता डॉर्कसबरोबर हिंडायचे आणि सगळं दोनदा समजावून घ्यायचे.

"गोटुबेड?" जोनस हसले. "म्हणजे 'झोपायला जा'?"

"पाणथळीत निम्मी गावं याच आडनावाची आहेत. पोटभर हसून घ्या, मग ऐका."

गोष्ट अशी होती. हॉबनीला 'गरिबांची पाणथळ' नावाची तीस एकर काळी माती आहे, कुजलेल्या झाडाझुडपांची, वाळली की लाकडासारखी जळणारी. गावातले गरीब उन्हाळ्यात तिच्या विटा कापतात, वाळवतात आणि हिवाळाभर चुलीत जाळतात. गावाचा इतिहास लिहायला आलेल्या फर्निव्हल नावाच्या गृहस्थांना गेल्या महिन्यात चर्चच्या पेटीत तेव्हाच्या पाद्र्याची १७६२ सालची रोजनिशी सापडली. त्यात लिहिलं होतं, की गावानं ती पाणथळ लँगवर्थ घराण्याला कायमची देऊन टाकली. आताचे लँगवर्थ साहेब सोमवारी कुंपण घालणार होते.

"कुंपण पडलं की चूल विझली," चॅरिटी म्हणाली. "आणि आमच्याकडची थंडी अशी बाई, की शिवी दिली तर तोंडातच गोठते. समोरच्याला ती वसंतात ऐकू येते."

शनिवारी दोघं हॉबनीत पोचली. हा मुलूख इतका सपाट, की इथली बाई शिंकली तर पलीकडच्या गावातली 'देव भलं करो' म्हणते.

चर्चच्या पायऱ्यांवर जोनस ठेचकाळले. पायऱ्या पाच. वरची झिजून बशीसारखी झालेली, खालच्या पायरीच्या कडा मात्र अजून धारदार.

"त्या खालचीला जपा," रेव्हरंड थर्गिल दारातून म्हणाले. "मी इथं आलो त्या वर्षी, अठराशे एकाहत्तर साली बसवली. म्हाताऱ्यांचे पायच टेकत नव्हते."

"ती पेटी कोणाला उघडता येते?" डॉर्कसनी विचारलं.

"कोणालाही. कुलूप माझ्या आधीपासून हरवलंय."

"रोजनिशी तुम्ही वाचलीत?"

"या डोळ्यांनी? फर्निव्हलनी पाणथळीपुरतं वाचून दाखवलं, तेवढंच."

डॉर्कसनी वही खिडकीशी नेली आणि जोनसना वाचून दाखवलं: "'कडाक्याच्या थंडीत चर्चच्या पाच पायऱ्या चढलो आणि सर्वांसमक्ष पाणथळीचं दानपत्र वाचलं.'"

"बिचारा!" जोनस म्हणाले. "त्याला पण ठेच लागली असेल."

लँगवर्थ साहेब व्हरांड्यातच भेटले. "जपून या. खालची फळी याच वसंतात ठोकलीय, डगमगते."

"घर चांगलं उंचावर बांधलंत," जोनस म्हणाले.

"उंचावर? माझे आजोबा घोड्यासकट दिवाणखान्यात यायचे!"

"आणि कागद खोटा निघाला तर?" डॉर्कसनी विचारलं.

"तर कुंपण नाही. मी हावरट असेन, पण चोर नाही. पाणी उपसणारं इंजिन माझं, बांध माझे. कागद खरा असेल तर मातीही माझी."

फर्निव्हल कागदांच्या ढिगाऱ्यात बसले होते. "या गावाचा इतिहास म्हणजे काय, सांगू? पाणी आलं, पाणी गेलं. एकदा एक बिशप वाट चुकून इथं आले आणि जेवून गेले. चार वर्षं मी असल्या रटाळ गावांच्या मागे घालवलीत!"

"आपण इकडचे नाही वाटतं?"

"डर्बीशायरचा. डोंगरातला माणूस. या सपाट मुलखात गेल्या शरदातच आलो. रोजनिशीचं प्रकरण तेवढं रंगलंय बघा."

सोमवारी सकाळी कुंपणाच्या खांबांची गाडी चर्चसमोर उभी राहिली. डॉर्कसनी सगळ्यांना पायऱ्यांपाशी बोलावलं.

"हे चर्च ओकच्या खांबांवर उभं आहे. खांब खाली चिकणमातीत रुतलेत, म्हणून ते हलत नाही. पण पाणी उपसलं की काळी माती सुकते, आक्रसते आणि खाली बसते. दार वर राहतं, जमीन खाली जाते. म्हणून अधूनमधून एक पायरी वाढते. पाचवी रेव्हरंडनी एकाहत्तर साली बसवली. मग १७६२ सालचा माणूस तिच्यावर चढला कसा?"

"उडी मारून?" जोनस म्हणाले.

"रोजनिशी खोटी आहे म्हणून, भाऊजी. ती कोणी लिहिली? पायरी स्वतः बसवणारे रेव्हरंड ही चूक करणार नाहीत. ज्यांचे आजोबा घोड्यावरून घरात शिरत आणि ज्यांना आज दाराखाली फळ्या ठोकाव्या लागतात, ते लँगवर्थही नाहीत. जमीन जागची हलत नाही, असं फक्त डोंगरातल्या माणसाला वाटतं."

सगळ्यांच्या माना वळल्या. फर्निव्हलच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"मला जमीन नको होती हो! एक घटना हवी होती. एकच! लोक खरं मानून कुंपण घालायला निघतील, असं स्वप्नातही आलं नव्हतं. मग बोलायचं धैर्यच झालं नाही."

"तुमचं प्रकरण रंगावं म्हणून माझी चूल विझवायची?" चॅरिटी म्हणाली. "अहो, त्या बिशपाला तरी दोनदा जेवायला घालायचं!"

लँगवर्थ साहेबांनी गाडी परत फिरवली. जाता जाता पायऱ्यांकडे बघून ते थांबले.

"पेलबाईंनी तुमच्या बाजूनं लावलंय गणित, ते पुढंही चालवून बघा. अशीच बसत गेली तर शंभर वर्षांत माती संपेल, खालची चिकणमाती उघडी पडेल. ती काही जळत नाही. एवढं भांडून मिळवलंत काय?"

चॅरिटीनं भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

"येता हिवाळा, साहेब," ती म्हणाली आणि पाणथळीकडे चालू लागली.