पालथा न घातलेला वाडगा

टक… टक.

चूल धुमसत होती. पोरगी पेंगत होती. बाकी घर चिडीचूप. आणि त्यात तो आवाज…

लाकडी चमचा वाडग्याच्या काठावर दोनदा आपटल्याचा.

ओडेलिनचे हात पिठातच थांबले. चमचा असा झटकायची सवय या घरात एकालाच होती. तिच्या नवऱ्याला, गोतिएला. आणि तो सात वर्षांपूर्वी पवित्र भूमीच्या लढाईला गेला होता.

कुणाला पटो न पटो, हे घडलंय. संत मार्टिनच्या सणाच्या संध्याकाळी, ओब नदीकाठच्या आमच्या गावात. ओडेलिनने माझ्या आईला सांगितलं आणि पुढे कधी त्यातला शब्दही बदलला नाही.

गोतिए निघाला तेव्हा पेर्नेल पोटात होती. त्याच्या झग्याच्या खांद्यावर लाल क्रूस ओडेलिननेच शिवला होता. गावातली धडधाकट माणसं सगळी गेली. उरले म्हातारे, लंगडे आणि गोतिएचा धाकटा भाऊ रेनिए.

क्रूस घेतलेला माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या घरादाराला कुणी हात लावायचा नाही, असा चर्चचा नियम. तो मेल्याची खात्री झाली, की पाद्रीबाबांसमोर त्याचा वाडगा चुलीपाशी पालथा घालायचा. मग घर भावाचं.

ओडेलिन रोज तो वाडगा भरून ठेवायची.

तिने वळून पाहिलं. वाडगा तसाच भरलेला होता. पण चुलीच्या इतक्या जवळ असूनही… रश्श्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता.

तेवढ्यात दार वाजलं. रेनिए आला होता. बरोबर पाद्रीबाबा आणि दोन शेजारी.

"वहिनी, लढाईवरून, अक्के शहरातून माणूस आलाय. दादा तापाने गेला म्हणतो. त्यानेच पुरलं."

"त्याला घेऊन ये की. मी विचारते."

"तो गेला पुढे. किती हट्ट करशील? सात वर्षं झाली. मेलेल्याला किती दिवस वाढणार?"

"जेवतोय तोवर."

एक शेजारी खुदकन हसला. रेनिए नाही हसला.

"तुला काही घराबाहेर काढत नाही मी. पेर्नेलला मठात देऊ. तिथे पोटभर मिळेल तिला."

ओडेलिनने पोरीला मागे ओढलं. रेनिए वाकला. त्याने वाडग्याला हात घातला…

टक… टक.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

बाक करकरला.

चुलीकडे तोंड करून कुणीतरी बसलं होतं. तपकिरी झगा. पाठीवर लाल क्रूस.

जाताना क्रूस खांद्यावर असतो. नवस फेडून परतणारा तो पाठीवर लावतो. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. टाके मात्र ओडेलिनचेच होते.

रेनिए वाडगा ओढत राहिला. तो दगडात रुजल्यासारखा हलेना. शेवटी त्याने हात सोडला, तेव्हा बोटं पांढरीफटक पडली होती.

"वहिनी… हा जिवंत नाही."

ओडेलिनने बाकाकडे बोट केलं.

"रेनिए, तो समोर बसलाय. विचार त्यालाच."

रेनिए मागे सरकला.

"आणि पाद्रीबाबा, हा निघाला तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, देव सांभाळून परत आणील? मग आणलंय म्हणा. माझा नवरा जेवायला बसलाय. वाडगा पालथा घालायचा तर त्याची परवानगी घ्या."

कुणीच घेतली नाही. पाद्रीबाबांनी डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली. डोळे उघडले तेव्हा बाक रिकामा होता.

ते चौघे गेले. वाडग्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

ओडेलिनला काय ते कळलं होतं. बर्फ बघितला तेव्हाच. पण ते तिने पाद्रीबाबांना सांगितलं नाही, रेनिएला नाही. तिने पळीभर गरम रस्सा घेतला आणि त्या पापुद्र्यावर ओतला.

अजूनही काही संध्याकाळी तो येतो, म्हणते ती. बसतो. पाठ करूनच.

त्या दिवशी पेर्नेल तिच्या कुशीत शिरून बराच वेळ रिकाम्या बाकाकडे बघत होती.

"बाबांनी इकडे का नाही बघितलं?"

"गारठले होते गं. शेकत होते."

ओडेलिनला सगळं आठवत होतं. त्याचं चालणं, चमचा झटकणं, खांद्यावरचा एकेक टाका. ती आणखी आठवू लागली… आणि तिचा हात पोरीच्या केसांत थांबला.

"आई, त्यांचं तोंड कसं आहे?"