आधी खोका, मग चिठ्ठी

दर शनिवारी कारखान्याला सुट्टी असायची. दुपारची नमाज उरकली की अबरार मन्यार स्कूटर काढायचा, कुरिअरच्या ऑफिसात जायचा आणि आठवड्याची पार्सलं पायापाशी रचून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गाळ्यात घेऊन यायचा. गाळा म्हणजे एका बिल्डिंगच्या तळघरातली मागची खोली. खिडकी नाही, झरोका नाही. रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून त्याने चारही भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. शटर ओढलं की भर दुपारी दोनला आत अमावस्या. मग टेबलावरचा एकच दिवा, सोल्डरच्या धुराचा वास, ओलसर पुठ्ठ्याचा वास, आणि इतकी शांतता की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटावा.

पोटासाठी सातपूरच्या कारखान्यातली नोकरी होती. हा सगळा छंद. लोक त्याला बंद पडलेल्या वस्तू पाठवायचे. कुणी टेपरेकॉर्डर, कुणी जळका चार्जर, कुणी आजोबांचा ट्रान्झिस्टर. अबरार कॅमेऱ्यासमोर पार्सल फोडायचा, वस्तू उघडायचा, जमली तर जिवंत करायचा, आणि रविवारी सकाळी व्हिडिओ टाकायचा. सत्तर हजार लोक बघायचे. आणि खरं सांगू का, त्याला वस्तू दुरुस्त होण्याचा आनंद होता, नाही असं नाही. पण त्याहून मोठं व्यसन होतं खाली येणाऱ्या कमेंटचं. 'अबरारभाई, हाताला सोन्याचं कडं घाला' असं कुणी लिहिलं की गडी दिवसभर हवेत. बायको, मेहविश, म्हणायची, जेवताना तरी तो फोन उलटा ठेव. तो ठेवायचा, आणि दोन घासांनी परत सुलटा करायचा.

त्याचा एक नियम होता. आधी खोका, मग चिठ्ठी. पार्सलसोबत आलेली चिठ्ठी तो बाजूला ठेवायचा आणि काम संपल्यावर, अगदी शेवटी, कॅमेऱ्यासमोरच पहिल्यांदा वाचायचा. चिठ्ठीत काय असेल या उत्सुकतेने माणसं शेवटपर्यंत बसून राहतात, हे त्याला कळलं होतं. ही अक्कल त्याला एका बघणाऱ्यानेच कमेंटमध्ये शिकवली होती. दुसऱ्याच्या अकलेने चालणारा कुठे जाऊन पडतो, ते बघाच आता.

भाद्रपदात एक पार्सल आलं सुरगाण्याकडून. खताच्या गोणीचा तुकडा, सुतळीने शिवलेला. आत पत्र्याचा डबा, डब्यात गच्च भरलेली नागली, म्हणजे नाचणी, आणि नागलीत पुरलेला एक मोबाइल. ओला झालेला फोन तांदळात ठेवावा असं शहरात सांगतात. तिकडे कुणीतरी हाताशी होतं ते धान्य वापरलेलं. पण नागलीचा दाणा तो केवढा! चार्जिंगच्या भोकात, स्पीकरच्या जाळीत, जिथे जागा मिळाली तिथे घुसलेला. अबरारने कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, कुणा मावशींनी फोनची आंबील करायला घेतलेली दिसतेय. टाचणीने एकेक दाणा काढत त्याने त्यावर चांगली तीन मिनिटं करमणूक केली.

फोन उघडला, बोर्ड धुतला, गंज ब्रशने काढला. स्क्रीन उजळली, पण पुढे सरकेना. कंपनीचं नाव दिसायचं आणि तिथेच अडायचं. असं झालं की बाजारातला कुठलाही कारागीर एकच गोष्ट करतो, सॉफ्टवेअर मारतो. म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने भरायचं. फोन कोरा होतो, पण चालू होतो. आत कुणाचं काही असेल, ते विचारून मग मारायचं, एवढं साधं शहाणपण गल्लीतल्या दुकानदारालाही असतं. अबरारकडे विचारायला माणूस नव्हता. चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी शेवटी वाचायची असते.

अकरा मिनिटांत फोन चालू झाला. गाणं वाजवून दाखवलं. मग त्याने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि चिठ्ठी उघडली.

अक्षर गावातल्या अंगणवाडीच्या संध्याताईंचं होतं, बोलणं फोन जिचा त्या भागीबाईचं. तिचा मुलगा ललित विंचूरला कांद्याच्या शेडवर कामाला होता. गेल्या साली पोळ्यासाठी घरी येताना घाटात जीप उलटली, त्यात तो गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्याने आईला एक निरोप बोलून पाठवला होता, तो या फोनमध्ये आहे. रोज सांजच्याला ती तो ऐकायची. पावसात घर गळलं आणि फोन भिजला. शेवटी लिहिलं होतं, 'फोन चालू नाही झाला तरी चालेल. आतला आवाज तेवढा काढून द्या. माझ्याकडे त्याचा फोटोसुद्धा नाही.'

अबरार वाचता वाचता थांबला. टेबलावर तो कोरा फोन अजून गाणं वाजवत होता. त्याने आधी गाणं बंद केलं, मग कॅमेरा. चिठ्ठी त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेवढा वेळ तो माणूस होता; पुढेही तसाच राहिला असता तर बरं झालं असतं. पण घरी येऊन त्याने व्हिडिओ कापायला घेतला, आणि चिठ्ठीचा भाग कापून टाकला. गाणं वाजलं, अबरार हसला, संपलं. रविवारी साडेचारशे कमेंट आल्या. नागलीच्या विनोदावर लोक लोळले होते.

सोमवारी त्याने चिठ्ठीतल्या नंबरवर फोन केला आणि संध्याताईंना सांगितलं की फोन आला तेव्हाच आत काही उरलं नव्हतं, पाण्याने सगळं गेलं होतं. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग भागीबाईचा जाड, सावकाश आवाज आला.

"भाऊ… तुमी नीट पायलं ना?"

"हो, मावशी. नीट बघितलं."

"मंग… गेलाच म्हनायचा."

बस्स, एवढंच. ना शिवी, ना शाप. फोन ठेवताना बाईने त्याला म्हातारा हो म्हणून आशीर्वाद दिला. अबरारने दुसऱ्याच दिवशी तो फोन बबलरॅपमध्ये गुंडाळून सुरगाण्याला परत पाठवला आणि करून सवरून नामानिराळा झाला. निदान त्याला तसं वाटलं.

पुढच्या रविवारचा व्हिडिओ एका जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरचा होता. त्याखाली निफाडच्या एका पोराने विचारलं, भाऊ, सात मिनिटं बारा सेकंदांना मागून कोण बोललं? अबरारने हेडफोन लावून ऐकलं. काही नाही, ब्रशचा आवाज. संध्याकाळपर्यंत त्याच प्रश्नाच्या तीस कमेंट झाल्या. कुणी म्हणालं, पोरगा आहे. कुणी म्हणालं, 'आये' म्हणतोय. अबरारने आवाज शंभर टक्के केला, कान दुखेपर्यंत ऐकलं. त्याच्या कानाला ब्रशच ऐकू येत होता.

त्याने फोन मेहविशपुढे धरला. ती भाजी निवडत होती. व्हिडिओ पुढे सरकला आणि तिचे हात थांबले.

"ये कौन है… तुम्हारे पीछे?" तिने हळूच विचारलं.

गाळ्यात आपल्याशिवाय कुणी नसतं, शटर आतून बंद असतं, हे त्याने तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतंच.

त्यानंतर जे झालं त्याचा मला राग येतो, भुताचा नाही तितका माणसांचा. आवाज दर आठवड्याला थोडा थोडा वाढत गेला आणि लोकांना खेळ सापडला. कोण सेकंद लिहून ठेवतोय, कोण शब्द जुळवतोय. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची चित्रं. भारी एडिटिंग, भाई. पुढचा भाग लवकर टाका. सत्तर हजारांचे दोन लाख झाले. चार आठवड्यांत मिळून लोकांनी सगळा निरोप जुळवला आणि एका बाईने तो एकत्र लिहिला, ती कमेंट अंगठे पडत पडत सगळ्यात वर गेली: 'आये, मी उद्या निघतो. बैलाच्या शिंगांना रंग मी आल्यावर लावीन, तू वाकू नको. कमर दुखल तुजी.'

अबरारने ते वाचलं तेव्हा तो कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता. पुढचं ताट तसंच राहिलं. त्या चिठ्ठीतलं एक अक्षर त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हा निरोप तर त्याने स्वतःही कधी ऐकला नव्हता. न ऐकताच पुसला होता. आता सगळ्या जिल्ह्याला तो ऐकू येत होता आणि त्याला एकट्याला नाही.

त्याने नागलीचा तो व्हिडिओ काढून टाकला. उपयोग शून्य. आवाज आता तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओंतही येतो, असं लोक लिहू लागले. आणि त्याच सुमाराला नवीन तक्रार सुरू झाली. भाई, तुमचा माईक बघा, तुमचा आवाज फार कमी येतोय. त्याने नवीन माईक घेतला. पुढच्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं की अबरारभाई नुसते ओठ हलवतात, बोलतो तो पोरगाच. त्याखाली एकाने लिहिलं, बरंच आहे, पोरगा जास्त गोड बोलतो. त्या कमेंटला हजार अंगठे पडले होते. ज्यांच्या शाबासकीवर हा माणूस जगत होता, त्यांना त्याच्या आवाजाची उणीवसुद्धा भासली नाही.

शेवटी अबरारने ठरवलं की खरं सांगून टाकायचं. त्या शनिवारी त्याने एकही पार्सल आणलं नाही. शटर ओढलं, दिवा लावला, भागीबाईची चिठ्ठी हातात धरून कॅमेऱ्यासमोर बसला. सोल्डरिंग आयर्न तापलेलं नव्हतं, तरी धुराचा वास येत होता, आणि त्यात ओल्या कांद्याचा. वीस मिनिटं तो बोलला. नियम सांगितला, सॉफ्टवेअर मारल्याचं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. नाव घेऊन भागीबाईची माफी मागितली आणि लहान मुलासारखा रडला. काहीही न कापता त्याने तो व्हिडिओ तसाच टाकला, आणि त्या गादीच्या भिंतींत कमेंटची वाट बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शिव्या हव्या होत्या.

पहिली कमेंट आली: 'रडवलंस भावा, बैलाची शिंगं ऐकून.' दुसरी आली: 'आज पूर्ण निरोप एकदम स्पष्ट.' तिसऱ्याने विचारलं होतं, हातात तो कागद कसला आहे? दोनशे कमेंट त्याने वाचल्या. त्याच्या वीस मिनिटांतला एक शब्दही कुणाला ऐकू गेला नव्हता.

तेव्हा मात्र तो घाबरला. अंधाराला नाही, मागे कोण उभं आहे त्याला नाही. आपण केलेलं आता कुणालाच कधी सांगता येणार नाही, याला घाबरला. धावत घरी आला आणि मेहविशच्या देखत त्याने संध्याताईंचा नंबर लावला. कॅमेरा नको, माईक नको. माणसाने माणसाला सरळ सांगायचं.

"संध्याताई, मी अबरार बोलतोय. नाशिकहून."

पलीकडे श्वास ऐकू आला, मग अंगणात पावलं, कोंबड्यांचा आवाज. फोन संध्याताईंच्या हातातून भागीबाईच्या हातात गेला.

"मावशी," अबरार म्हणाला, "तुमच्या ललितचा आवाज फोनमध्ये होता. मी पुसला. चिठ्ठी न वाचता पुसला… आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा…"

मग तो जाड आवाज आला, पण यावेळी मऊ, पीठ मळून झाल्यावर हात झटकत कुणी बोलावं तसा.

"जेवला का रं… बाळा?"

"मावशी, मी अबरार आहे… अबरार…"

"बरं, बरं. सावकास बोल. म्या हाय इथंच."

आणि ती बोलत राहिली. घराचं छप्पर झाकलं म्हणाली. बैल पायाने अधू झालाय म्हणाली. नागली यंदा बरी आहे म्हणाली. अबरार मध्ये मध्ये रडत सांगत होता, मीच पुसला, मीच पुसला. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर ती हं, हं करत होती, मध्येच हसतही होती. किती महिन्यांनी हसली असेल कोण जाणे. फोन ठेवायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने मेहविशकडे बघितलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, दुपट्टा तोंडावर दाबून, आणि त्याच्या तोंडाकडे ओळख नसल्यासारखी बघत होती.

अर्ध्या तासाने भागीबाईनेच फोन ठेवला. अबरार तिथेच फरशीवर बसला. मेहविश जवळ आली नाही. थोड्या वेळाने मोबाइल वाजला. संध्याताईंचा मेसेज होता.

'भागीबाई आज पोटभर जेवली. खूप दिवसांनी. फक्त एक गोष्ट सारखी विचारतेय. ललित बोलत होता तेव्हा त्याच्या मागे कोण रडत होतं?'