एक्केचाळीस नंबरचा खिळा

एक्केचाळीस नंबरचा बिल्ला कुणाला द्यायचा नाही, आणि का नाही ते विचारायचं नाही. अल्डर फॉल्समधलं पोर पहिल्यांदा कामगार हॉलच्या दारात आलं की त्याला आधी हे सांगायचे आणि मग हात धुवायला पाठवायचे.

गावातल्या वेंडेल म्हाताऱ्यानं गोष्टीला सुरुवात केली ती अशी. नदीकाठी तंबू पडले होते, शेकोटी पेटली होती. मॅडिसनहून होड्या घेऊन आलेली चार कॉलेजची पोरं हॉलमध्ये पोटभर मासे खाऊन आली होती. हॉलच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावरचा एक खिळा रिकामा का, एवढंच त्यांनी वेंडेलला विचारलं होतं. तो ओंडक्यावर टेकला.

"माझ्या ओळखीतल्या पोरीची गोष्ट आहे. खोटी वाटली तर उद्या हॉलमध्ये जाऊन विचारा. कुणी काही सांगणार नाही, पण विचारा."

पोरीचं नाव ब्रिन. हार्लन क्रूगरची नात. हार्लन म्हणजे कागद गिरणीचा जुना मुकादम. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, यंत्रं भंगारात गेली, भोंगासुद्धा उतरवून विकला. पण हार्लननं डोळे वर केले की गावातली भली भली माणसं अजून टोपी काढायची. ब्रिन तेवढी काढायची नाही. ती शिकून परत आली तेव्हा मुख्य रस्त्यावरच्या नऊ दुकानांपैकी सहांना फळ्या ठोकलेल्या होत्या. तिनं डोकं चालवलं. वसंतात जंगलात मोरेल नावाची अळंबी उगवते, नदी होड्यांना चांगली, आणि शुक्रवारी हॉलमध्ये मासे तळतातच.

"शहरातली माणसं एवढ्यासाठी तीन-तीन तास गाडी हाकत येतील," ती म्हणाली.

"अळंबीसाठी?" हार्लन हसला. "शिकवून आणली, आणि पोरगी लोकांना मशरूम दाखवत फिरणार!"

"तुम्ही काय दाखवणार आजोबा? फळ्या ठोकलेली दुकानं?"

आणि माणसं आली की! पहिल्या वसंतात वीस, दुसऱ्यात पन्नास.

हॉलची एक रीत आहे, तुम्ही आज पाहिलीच. दाराशी गिरणीतल्या एका पाळीचा हजेरीचा फळा टांगलाय. त्यावर साठ खिळे, साठ पितळी बिल्ले. गिरणीत कामावर जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर पडताना परत अडकवायचा. आग लागली, अपघात झाला, तर फळा बघितला की कळायचं आत कोण राहिलंय. हॉलमध्येही तेच. आलात की बिल्ला उचला, स्वयंपाकघरातून तुमचा नंबर पुकारतील. निघताना बिल्ला लावा. फळा भरला की डोलोरेस चूल बंद करते आणि दिवे मालवते. त्याआधी नाही.

फक्त एक्केचाळीस खिळ्यावरच राहायचा. नेहमी.

गेल्या वर्षीची गोष्ट. मे महिना, नऊ तारीख, शुक्रवार. संध्याकाळचे सात चाळीस. हॉल नुसता गजबजलेला. तव्यावर बटाट्याची धिरडी, कढईत पर्च मासे, कोशिंबिरीला कोबी कमी पडला म्हणून ब्रिन धावत जाऊन दोन गड्डे घेऊन आलेली. तेवढ्यात दारात एक माणूस. पिवळं जाकीट, चिखलाचे बूट, हातात जाळीची पिशवी आणि तिच्यात कशीबशी तीन अळंबी. शिकागोचा शाळामास्तर होता. नाव थियो.

"दिवसभरात तीन?" ब्रिन म्हणाली.

"चार होती. चौथी बाकीच्या शोधताशोधता वाटेत हरवली."

ब्रिन हसली. फळ्याकडं वळली, आणि थांबली. एकोणसाठ खिळे रिकामे. एकच बिल्ला लोंबत होता.

"त्याला थांबायला सांग," डोलोरेस कढईजवळूनच म्हणाली. "कुणीतरी उठेल."

"लांबून आलाय तो. बिल्ला आहे ना समोर."

"तो नाही."

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"हे कारण झालं? इतकी वर्षं विचारतेय. एकानं तोंड उघडावं. एकानं!"

डोलोरेसनं मासे उलटले. हार्लन कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते पिसत होता, त्यानं ऐकलं नाही. ब्रिननं बिल्ला काढला आणि थियोच्या हातात ठेवला.

"गार आहे की हा," तो म्हणाला.

जेवायला तासभर होता. गिरणीच्या कुंपणाला लागून एल्मची वाळकी झाडं आहेत, त्यांच्या बुडाशी अळंबी सापडते, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. फोन संपला होता, तो त्यानं गल्ल्यापाशी चार्जिंगला लावला. "उजेड आहे तोवर एक फेरी मारून येतो. साडेनऊला माझी मुलगी फोन करते, झोपायच्या आधी. नोरा. त्याआधी येतोच."

बिल्ला खिशात टाकून गेला.

आठ दहाला सूर्य बुडाला. साडेआठला डोलोरेसनं एक्केचाळीस पुकारला. त्या हॉलमध्ये तो आकडा आजवर कधी पुकारलाच गेला नव्हता! कुणी उठलं नाही. माशांवर जाळी झाकून ठेवली. माणसं जेवत होती, निघत होती, बिल्ले खिळ्यांवर लागत होते. नऊ वाजता हॉलमध्ये गावचे पाच-सहा म्हातारे आणि ब्रिन. फळ्यावर एकच खिळा रिकामा.

हार्लन कोट घालायला उठला. फळ्यासमोर आला. कोटाची एक बाही घातलेली, दुसरी तशीच लोंबती.

"एक्केचाळीस कुठाय?"

"मी दिला," ब्रिन म्हणाली. "पाहुण्याला. तो अजून आला नाही. चला, शोधायला हवं."

कुणी हललं नाही.

"अहो, चला ना! माणूस बाहेर अंधारात आहे!"

हार्लन खुर्चीत बसला. म्हातारे टेबलाकडं बघत राहिले. डोलोरेस तेवढी म्हणाली, "कुंपणाच्या आत जाऊ नकोस, बाळ."

ब्रिननं विजेरी उचलली आणि एकटी निघाली.

वाट नदीच्या कडेनं जाते. गिरणी पाच मिनिटांवर. चांदणं चांगलं होतं. बेडूक ओरडत होते. ती हाका मारत होती. "थियो! ओ थियो!" पहिल्या एल्मखाली तिला जाळीची पिशवी मिळाली. पिशवी आता काठोकाठ भरलेली. व्यवस्थित ठेवलेली. जणू कुणी नंतर उचलू म्हणून कडेला ठेवावी.

मग वास आला. उकडलेल्या कोबीचा. तिला वाटलं, हॉलमधला. पण वारा उलटा होता. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तो वास कसला. कागदाचा लगदा शिजतो तेव्हा येतो.

बेडूक थांबले.

भोंगा वाजला.

लांब... खालच्या पट्टीतला... छातीत घुमणारा. जो भोंगा ब्रिननं तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. जो विकून वीस वर्षं झाली होती.

ती फाटकापाशी पोचली. साखळी, कुलूप. आत अंगण. अंगणात रांग. पाठमोरी माणसं. टोप्या, डबे. हलत नव्हती. बोलत नव्हती. रांगेच्या टोकाला हजेरीची खिडकी. खिडकीत कुणी नाही.

शेवटून दुसरं... पिवळं जाकीट.

"थियो!"

तो वळला. एकटा तोच वळला. त्यानं तिला ओळखलं. तोंड उघडलं. काही म्हणाला. आवाज नाही. पुन्हा म्हणाला. हात पुढे केला, त्यात बिल्ला. जणू म्हणत होता, हा घे. परत घे.

ब्रिननं जाळीतून हात घातला. खांद्यापर्यंत घातला. बोटं ताणली. मध्ये चार पावलं होती. चारच.

रांग एक पाऊल पुढे सरकली.

ती कुलपावर दगड घालत राहिली. ओरडत राहिली. जाळीवर चढली, तळहात फाटला, पलीकडं पडली. उठली. अंगण मोकळं. गवत गुडघ्याएवढं. दवानं ओलं, आणि कुठंही तुडवलेलं नाही.

ती हॉलमध्ये परतली तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. दारातूनच तिनं शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. "चाळीस मिनिटं लागतील," पलीकडचा माणूस म्हणाला. "तोवर जागीच थांबा." थांबा! तिनं फोन ठेवला आणि फळ्याकडं बघितलं.

फळा भरलेला होता.

एक्केचाळीस जागेवर. बिल्ल्यावरून करडं पाणी टपटपत होतं.

"आला होता तो," हार्लन म्हणाला. "बिल्ला लावून गेला."

"कुणी पाहिलं?"

हार्लननं कोटाची दुसरी बाही चढवली.

"त्याची गाडी बाहेर उभी आहे. फोन इथं आहे. कुणी पाहिलं त्याला?"

"बिल्ला लागलाय ना. मग माणूस निघाला. फळा खोटं बोलत नाही. डोलोरेस, दिवे मालव."

आणि तेव्हाच गल्ल्यापाशी थियोचा फोन वाजला. साडेनऊ. पडद्यावर नाव: नोरा. सोबत फोटो, पुढचे दोन दात पडलेली पोर.

"उचल," हार्लन नातीला म्हणाला. आवाज आता मुकादमाचा नव्हता, म्हाताऱ्याचा होता. "पोरीला सांग, बाबा निघालेत. एवढंच सांग. काळजी करू नको म्हणावं. मग सगळं नीट होईल."

"हार्लन!" डोलोरेसच्या हातातला झारा खाली पडला. "इर्मालाही हेच सांगितलं होतं ना आपण?"

"गप्प बस."

"त्रेचाळीस वर्षं गप्प बसले! ब्रिन, एक्केचाळीस हा ‘रे तुरेक’ नावाच्या कामगाराचा नंबर. रात्रपाळीला लगद्याच्या टाकीत पडला तो. यंत्र थांबवलं असतं, चौकशी लागली असती, तर गिरणी गेली असती. तीनशे घरं होती. तुझ्या आजोबांनी त्याच्या टांगलेल्या कोटातून बिल्ला काढून खिळ्यावर लावला. हजेरीच्या कारकुनानं त्याच्या बायकोला, इर्माला, फोन करून सांगितलं, नवरा निघालाय घरी. यंत्र रात्रभर चालू राहिलं. सकाळी कागद गाडीत भरला. पाळीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. इर्मानं तीन आठवडे त्याचं ताट झाकून ठेवलं."

फोन वाजतच होता.

ब्रिननं हार्लनकडं बघितलं. एकेका म्हाताऱ्याकडं बघितलं. तिच्या फाटक्या तळहातातून रक्त गळत होतं. ती फळ्याजवळ गेली आणि एक्केचाळीसचा बिल्ला खिळ्यावरून काढला.

"लाव तो परत," हार्लन म्हणाला. "पाया पडतो. लाव."

"नाही लावणार."

"ब्रिन, तुला कळत नाही..."

"तो निघालेला नाही. तो आत आहे. जोवर तो बाहेर येत नाही, तोवर हा खिळा रिकामा राहील, आणि तुम्ही सगळे रोज तो बघाल." तिनं फोन उचलला. "नोरा? बाळ, मी ब्रिन बोलतेय. जवळ कुणी मोठं माणूस आहे का? दे त्यांना. नाही गं, तुझे बाबा निघालेले नाहीत. मी तुला खोटं सांगणार नाही."

पत्ते टेबलावर तसेच पडलेले. फळ्यावरचा रिकामा खिळा टपकत होता. एक थेंब... मग एक...

वेंडेल थांबला. शेकोटीतला ओंडका मोडून खाली बसला.

"सापडला का तो?" एका पोरानं विचारलं.

"अकरा दिवस कुत्री फिरवली. गाडी जूनपर्यंत तिथंच उभी होती. ब्रिन बिल्ला गळ्यात घालून फिरते. दर शुक्रवारी फाटकाशी जाऊन उभी राहते, हाका मारते. दुसरं काय करणार ती?"

पलीकडं बसलेल्या मुलीनं गुडघ्यावरची हनुवटी उचलली.

"आणि तो हजेरीचा कारकून? इर्माला फोन करणारा? तो त्या रात्री हॉलमध्ये होता?"

वेंडेलनं तोंड उघडलं. मिटलं. हात ओंडक्याच्या सालीवर दाबून धरला.

"आजोबा, मी विचारतेय. कोण होता तो?"

नदी वाहत होती. मग म्हातारा उठला, टोपी घातली, आणि निरोप न घेता अंधारातून गावाकडं चालू लागला.

सकाळी तंबू आवरताना त्या मुलीनं ओंडका पाहिला. रात्रभर पाऊस नव्हता, ओंडका खडखडीत कोरडा होता. फक्त वेंडेल बसला होता तिथं, त्याच्या हाताच्या जागी, करड्या कागदाचा एक तुकडा सालीला चिकटून वाळला होता. बिल्ल्याएवढा गोल. वर खिळ्याचं भोक, मधोमध उमटलेला आकडा, एक्केचाळीस.