बारवेच्या चित्रातला काळा डाग

परळीच्या स्टँडमागं वर्षाराणीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. हात चांगला आहे पोरीचा, असं लोक म्हणतात. खरं आहे, पण मी तिला मानतो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. बसा, सांगतो.

धर्मापुरीच्या अलीकडं आमचं गाव. गावाबाहेर जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, गाळानं अर्धी बुजलेली. ती उपसायची असं गेल्या फाल्गुनात गावानं ठरवलं. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. चारेकशे फोटो काढून मी लॅपटॉपवर बारवेचं एक चित्र जुळवलं होतं. कुठूनही फिरवून बघा, प्रत्यक्ष काठावर उभं राहिल्यासारखं. शुक्रवारी सकाळी तेवीस माणसं आत उतरणार होती. कुणी कुठं खणायचं, ते त्या चित्रावरच दाखवायचं होतं.

गुरुवारी सकाळी चित्र उघडलं, तर पडदाभर हिरव्या रेघा लवलवत होत्या. आणि बारवेच्या तळाशी एक काळा डाग. लॅपटॉप पिशवीत घातला आणि परळी गाठली.

वर्षाराणीनं यंत्राला हातही लावला नाही. आधी वही उघडली.

"अप्पा, कवापासून होतंय? काय उघडलं की होतं?"

माझं सगळं बोलणं तिनं लिहून घेतलं. ऊसतोडीच्या फडावर वाढलेली पोर, पण अक्षर असं की मास्तरानं बघत राहावं. मग तिनं झाकण हळूच मागंपुढं केलं. रेघा हलल्या.

"ही पडद्याची वायर हाय. ढिली झालीय."

दहा मिनिटांत वायर बसवली. रेघा गेल्या. डाग मात्र तसाच.

"आता खरं काम," ती म्हणाली. पडद्यावर दिसतंय त्याचा तिनं लॅपटॉपमध्येच फोटो घेतला. "डाग ह्या फोटोत आला न्हाई, तर दोष पडद्याचा. आला, तर आतला."

आला.

दुकानातला मोठा पडदा जोडला. त्यावरही डाग. चित्र दाखवणारा प्रोग्रॅम काढून जुना टाकला. डाग. शेवटी तिनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली. डाग तिथंही होता. दर वेळी ती पडद्याचा फोटो घ्यायची आणि वहीत वेळ टिपायची. मी तिला म्हटलं, एवढं कशाला लिहितेस?

"कंपनीला कळवावं लागतं, अप्पा. नुसतं 'बिघडलंय' म्हटलं तर कोण ऐकतंय?"

मग माझे मूळ फोटो एकेक करून तपासले. चारशेच्या चारशे स्वच्छ. डाग कशातच नव्हता.

दुपार कलली होती. पत्रा तापून कडकड वाजत होता. आणि त्या कोरड्या उन्हात मला वास आला... ओल्या गाळाचा. तिलाही आला असावा. तिनं दारातून बाहेर पाहिलं. दिवसभरातले पडद्याचे फोटो तिनं वेळेप्रमाणं ओळीनं लावले आणि मोठे केले.

साडेअकरा वाजता डाग तळाशी होता. बाराला पहिल्या पायरीवर. एकला चौथ्या. मोठा केल्यावर तो डाग राहिला नाही. वाकून, हात टेकत वर चढणारं माणूस होतं ते. त्याच्या मागं दुसरं, त्याच्या मागं तिसरं...

तिनं बोटानं मोजलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"अप्पा... उद्या किती जण उतरणार हायेत?"

"तेवीस."

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. चारच्या फोटोत पायऱ्या रिकाम्या होत्या. सगळे वर आले होते. काठावर दाटीनं उभे राहून खाली बघत होते.

"हे मशिनमदलं न्हाई," ती हळूच म्हणाली. "मी काय ठेवलं न्हाई तपासायचं. माणसं उतरवू नका."

डागावरून काम थांबवा, हे गावाला सांगायची माझी छाती नव्हती. तिची होती. शुक्रवारी सात वाजता ती पहिल्या गाडीनं आमच्या गावात उतरली. फावडी घेऊन माणसं जमली होती. सरपंच अर्जुनरावांसमोर तिनं वही उघडली आणि एकेक वेळ वाचून दाखवली. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

अर्जुनराव हसले. "पोरी, कॉम्प्युटर बिघडला म्हणून गाव थांबवू का?"

"बिघडला न्हाई म्हणूनच आलेय, काका. आजच्या दिवस थांबा. काय झालं न्हाई, तर उद्या पहिली मी उतरते."

माणसं कुजबुजली. म्हातारा आश्रुबा खणणाऱ्यांचा मुकादम होता. त्यानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि फावडं खाली ठेवलं. "लई इमानानं बोलतीय पोर. आमी न्हाई उतरत आज."

साडेदहाला बारवेची उत्तरेची भिंत आत कोसळली. धुरळा खाली बसला. जिथं खणायचं होतं, तिथं पुरुषभर उंचीचा दगडांचा ढीग होता. आश्रुबा वर्षाराणीपुढं हात जोडून उभा राहिला. ती रडायला लागली.

त्याच संध्याकाळी तिनं सगळं लिहून, फोटो आणि फाइल जोडून, प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीला पाठवलं. म्हणाली, "आपलं निभावलं, पण दोष कळवायचा तो कळवायचाच."

नवव्या दिवशी उत्तर आलं. तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. सविस्तर तक्रारीबद्दल आभार. फाइल आम्ही आमच्या ऑफिसात उघडली, दोष आमच्याकडंही दिसतो. फरक इतकाच, की आमच्याकडं आकृत्या सहा आहेत आणि त्या पायऱ्या उतरून खाली चालल्या आहेत.

वर्षाराणीनं तेव्हाच उलट लिहिलं, "तुमच्या ऑफिसात किती जण बसता? आधी सगळे बाहेर पडा."

त्याचं उत्तर आलं नाही. पत्राखाली नंबर होता. ती रोज सकाळी दुकान उघडलं की तो लावते. फोन उचलला जातो. पलीकडं कुणी बोलत नाही. नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज येतो.