बांध वळतो तिथे

बिस्किटांच्या डब्यात माझा हात दुसऱ्यांदा गेला आणि झाकण टपकन बोटांवर आलं.

"कॉफीच्या एका कपाला एकच," झाकण धरणारा म्हणाला. उंच, राखाडी डोळ्यांचा, कोटावर बांध-कालवे सांभाळणाऱ्या पाणी मंडळाचा बिल्ला. हसतोय की नाही, कळेना.

"मी आज दुःखात आहे. दुःखात दोन चालतात."

"आपल्या फ्रीसलंडमध्ये दुःखालाही एकच."

मला हसू फुटलं... आणि मग सगळंच बोलून गेले. मी फेम्के, कादंबरी लिहिते. माझ्या कादंबरीतलं आमचं हे डच गाव २०६० सालचं – समुद्र चढला म्हणून अर्धी जमीन आपणहून पाण्याला दिलेली, चारशे घरं उंचावर हलवलेली, सगळे सुखी. प्रकाशकाने बाड परत पाठवलं होतं. 'गोड आहे, पण खरं कोणाला वाटणार?' आता सुधारून पाठवायची एकच संधी उरली होती. म्हणून मी मंडळाच्या या सुनावणीला आले होते, खरी माणसं काय बोलतात ते ऐकायला.

त्याचं नाव योरित. लोकांच्या हरकती लिहून घेणं हे त्याचं काम. त्याने बाड वाचायला मागितलं. आठवड्याने तो माझ्या दारात उभा, भुरभुर पावसात चिंब. बाड मात्र कोटाच्या आत कोरडं.

"चारशे घरं हलली, आणि हरकत एकही नाही?"

"माझी माणसं समजूतदार आहेत."

"हो का? मग ती इथली नव्हेत! चला, एक गंमत दाखवतो."

सायकलींवरून आम्ही नव्या बांधावर गेलो. नाकासमोर चाललेला बांध एका जागी उगाच वळला होता. वळणाच्या कुशीत नाशपातीचं एक झाड.

"हुक्स्ट्राबाईंचं. नऊ हरकती घेतल्या त्यांनी, नऊही मीच लिहून घेतल्या. शेवटी झाडासाठी बांध वळवला... आणि बाईंनी शेत दिलं. आता गावभर सांगतात, कल्पना माझीच होती म्हणून!"

तो झाडाकडे बघत होता, मी त्याच्याकडे. तीच तक्रार नऊ वेळा शांतपणे ऐकणारा हा माणूस मला त्या क्षणी फार, फार आवडला.

घरी येऊन मी भांडणं लिहिली. रुसवे लिहिले, वळणं लिहिली. सुखाला जरा ओरखडे पडले आणि ते खरं वाटू लागलं. प्रकाशकाचा होकार आला.

फक्त शेवटचं प्रकरण बाकी होतं. ते मी आधी योरितला पाठवलं. त्यात २०६० साली त्या वळणावर दोन म्हातारे वाद घालत बसलेत – एक कादंबऱ्या लिहिणारी, एक हरकती लिहून घेणारा. खाली मंडळाच्या नोटिशीसारखी ओळ – 'हरकत असल्यास सहा आठवड्यांत कळवावी.'

उत्तर नाही. एक आठवडा... तीन... सहा. माझा जीव टांगणीला. हे भविष्य काही त्याला पटलं नाही, असं वाटून मी रडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बेल वाजली.

"मुदत काल संपली," योरित म्हणाला. कान लालबुंद. "हरकत आली नाही. योजना... मंजूर."

"अरे दगडा! एक ओळ लिहिता आली नसती तुला?"

"रीतसर झालेलं टिकतं, फेम्के." त्याने पाठीमागचा हात पुढे केला. हातात तोच डबा होता, झाकण उघडं.

"घे," तो म्हणाला. "दोन."